इशारा आला म्हणजे ऊन पडणार?

वळवाच्या दिवसांत सोलापुरात फिरणारा जुना मेसेज: ‘वादळाचा इशारा आलाय, खुशाल कपडे वाळत घाला!’

टोमणा हवामान खात्याला: इशारे खोटेच ठरतात. पण इशारा बहुधा अख्ख्या जिल्ह्याला असतो, वळवाचा ढग मात्र काही किलोमीटरचा. बार्शीत गारा पडत असताना अक्कलकोटला कडक ऊन असू शकतं. चिडचिड समजण्यासारखी आहे, पण आपल्या गच्चीवरून जिल्हा दिसत नाही.

मग अचूकता मोजायची कशी? नुसती टक्केवारी फसवते. १८८४ मध्ये अमेरिकेत टोर्नेडो (जमिनीपर्यंत टेकणारं चक्राकार वादळ) येणार की नाही, याचे २८०३ अंदाज तपासले, तर ९६.६ टक्के बरोबर! पण डोळे झाकून दर वेळी ‘टोर्नेडो येणार नाही’ म्हटलं असतं, तरी ९८.२ टक्के बरोबर आले असते. म्हणून दोन प्रश्न वेगळे विचारायचे. टोर्नेडो आला अशा ५१ वेळांपैकी किती वेळा आधी सांगितलं होतं? २८. आणि दिलेल्या १०० इशाऱ्यांपैकी फुकट किती गेले? ७२. फुकटचे इशारे कमी करायला जावं, तर इशाऱ्याविना येणारी वादळं वाढतात. खरी ओढाताण इथेच आहे.

एप्रिल-मेमध्ये स्वतःच वहीत मांडून बघा: आज इशारा होता का, जिल्ह्यात कुठेही वादळ झालं का. बार्शी, पंढरपूर, करमाळ्याच्या पाहुण्यांना फोन करून विचारा. इशारा नसताना आलेलं वादळही लिहा, आणि खरा ठरलेला इशाराही. तो कुणी फॉरवर्ड करत नाही.