सोपवणे आणि सोडून देणे

“होईल हळूहळू, देव काम करतोय.” स्वभावातला एखादा दोष वर्षानुवर्षे जात नसला की हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणाऱ्याने तो दोष देवाच्या हाती सोपवलेला असतो, नाहीतर सरळ सोडून दिलेला असतो. शब्द तेच, चेहऱ्यावरची शांतीही बऱ्याचदा तीच. त्यामुळे मंडळीच्या (चर्चच्या) पाळकालाही पहिल्या भेटीत फरक कळत नाही, आणि ज्याचे त्याला तर बहुधा सगळ्यात शेवटी कळते.

घोळाचे मूळ बहुतेक वेळा एका खऱ्या शिकवणीतच असते. देव पाप्याला ख्रिस्तामुळे नीतिमान ठरवतो, त्यात आपल्या कष्टांचा वाटा शून्य. हे शिकलेला माणूस तोच नियम पुढच्या वाढीलाही लावतो आणि तिथे चुकतो. 1647 साली तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीने (ख्रिस्ती शिकवणीच्या प्रश्नोत्तररूपी पुस्तिकेने) शब्द मोजून वापरले आहेत: नीतिमान ठरवणे ही देवाच्या कृपेची ‘कृती’ (प्रश्न 33), पवित्रीकरण, म्हणजे स्वभाव हळूहळू पवित्र होत जाणे, हे त्याच कृपेचे ‘कार्य’ (प्रश्न 35). कृती एकदा होऊन जाते, कार्य चालू राहते. दोन्हींत कृपाच आहे, पण दुसऱ्यात माणूस निजलेला नसतो. तो अधिकाधिक पापाला मरायला आणि नीतिमत्त्वासाठी जगायला समर्थ केला जातो, असे तेच उत्तर पुढे सांगते.

सोपवणे आणि सोडून देणे यांतला फरक नीट पाहायचा तर बायबलमधल्या कनान देशात, देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेल्या भूमीत, जावे लागते. निर्गम 23:29-30 मध्ये देव इस्राएलाला सांगतो की, तिथल्या लोकांना मी एका वर्षात घालवणार नाही; तसे केले तर देश ओसाड पडेल आणि रानातली जनावरे माजतील. तुम्ही वाढत जाल तसतसे त्यांना थोडेथोडे घालवीन. म्हणजे हा उशीर ठरवून केलेला आहे आणि त्याचे कारणही दिलेले आहे: मोकळी झालेली जमीन राखायला माणसे हवीत. मत्तय 12:43-45 मधले झाडून ठेवलेले रिकामे घर आठवावे; बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो तो घर रिकामे सापडते म्हणूनच. म्हणून प्रेषित पौल चोराला नुसते ‘चोरी सोड’ म्हणून थांबत नाही (इफिस 4:28). चोरी सोड, हाताने काम कर, आणि मिळेल त्यातून गरजवंताला दे. सोडलेल्या जागी काय यायचे तेही सांगून टाकतो. दोष सावकाश जातो तेव्हा पुष्कळदा ही दुसरी बाजू वाढायला लागणारा वेळ त्यात असतो.

आता शास्ते 1:28. इस्राएल बळकट झाले, तेव्हा त्यांनी कनान्यांना वेठीला लावले. घालवून मात्र दिले नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळी एकच दृश्य दिसेल, कनानी अजून देशातच आहेत. पण पहिल्या वेळी लोक थोडे होते म्हणून, आणि दुसऱ्या वेळी कनानी उपयोगाचे वाटू लागले म्हणून. पहिला उशीर देवाने ठरवलेला होता. दुसऱ्याबद्दल पुढच्याच अध्यायात देवाचा दूत येऊन जाब विचारतो.

तेव्हा ‘दोष अजून का गेला नाही’ यापेक्षा ‘हा दोष माझे काही काम करून देतो का’ हा प्रश्न विचारावा. तिखट जिभेमुळे घरात आपला शब्द खाली पडत नसेल, अर्धे सत्य सांगून नोकरीत निभावून जात असेल, तर तो वेठीला लावलेला कनानी समजावा. त्याच्यासाठी कितीही प्रार्थना केली तरी ती अर्ध्या मनाचीच होते.

फिलिप्पैकरांस पत्रात (2:12-13) दोन्ही टोके एकाच वाक्यात बांधली आहेत. भीत व कापत आपले तारण ‘साधून घ्या’, कारण इच्छा करणे व कृती करणे ‘साधून देणारा’ तो देव आहे. देव करतो ‘म्हणून’ तुम्ही करा, असा तो ‘कारण’ आहे. सोडून देणारा त्याच वाक्याचा अर्थ लावतो: देव करतो, मग मी कशाला?

येशूचे दोन दाखलेही शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. मार्क 4:26-29 मध्ये शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा, आणि हे कसे होते ते त्याला कळत नाही. लूक 13:6-9 मध्ये तीन वर्षे फळ न दिलेल्या अंजिरासाठी माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, पण त्या वर्षात भोवती खणून खत घालीन असेही म्हणतो. फळ दोघांपैकी कोणीच तयार करत नाही. तरी बी टाकल्याशिवाय पहिल्याला झोप घ्यायचा हक्क नाही, आणि मुदत मागणाऱ्या दुसऱ्याच्या हातात कुदळ आहे.

हा गोंधळ काही आजचा नाही. 1739 च्या शेवटी लंडनच्या फेटर लेन संगतीत (प्रार्थनेसाठी जमणाऱ्या गटात) फिलिप हेन्री मोल्थर या मोराव्हियन पंथाच्या शिक्षकाने शिकवायला सुरुवात केली की, पूर्ण विश्वास मिळेपर्यंत माणसाने ‘स्तब्ध’ राहावे, प्रभुभोजन, शास्त्रवाचन यांचा आधार घेऊ नये. त्याच संगतीतला, पुढे मेथडिस्ट चळवळ उभारणारा जॉन वेस्ली याचे म्हणणे उलट होते: ही कृपेची साधने आहेत, कृपेची वाट पाहायची ती यांच्यातच. 20 जुलै 1740 रोजी तो त्या संगतीतून बाहेर पडला. स्तब्ध राहण्याच्या बाजूने आजही स्तोत्र 46:10 (‘शांत राहा, मीच देव आहे हे जाणा’) पुढे केले जाते. ते स्तोत्र मात्र धनुष्ये मोडण्याविषयी, लढाया थांबवण्याविषयी बोलते. प्रार्थना थांबवण्याविषयी नाही.

रोजच्या जगण्यात हे तपासायचे कसे? रागाने बोलण्याची सवय घेऊ. सोपवणाऱ्याची प्रार्थना नेमकी असते: कोणावर, कधी, कोणत्या शब्दांत. सोडून देणाऱ्याची मोघम असते, ‘प्रभू, माझ्या उणिवांची क्षमा कर.’ सोपवणारा ज्याला दुखावले त्याच्याकडे जातो, कारण मत्तय 5:23-24 प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायचा आहे. आठवड्यातून एकदा 10 मिनिटे बसून तीन गोष्टी लिहाव्यात: काय घडले, त्याच्या आधी काय चालले होते (दमणूक, भूक, अपमानाची भीती), आणि माफी मागितली का. वाढ मोजायची ती किती वेळा राग आला यावरून नव्हे, तर चूक आणि पश्चात्ताप यांतले अंतर किती उरले यावरून. आधी दुसऱ्या दिवशी कळते, मग तासाभरात, मग वाक्य अर्धे झालेले असताना, आणि एखाद्या दिवशी तोंड उघडण्याआधी. हे रोज मोजू नये. रोज मोजणारा वाईट दिवशी खचतो आणि चांगल्या दिवशी फुगतो. सहा महिन्यांमागची पाने काढून पाहावीत. पाने कोरी असतील तर सोपवलेले काही नव्हतेच.

उलट टोकाला घाई असते. अब्राम 75 वर्षांचा असताना त्याला संततीचे वचन मिळाले, 86 व्या वर्षी बायकोची दासी हागार हिच्यापासून इश्माएल झाला, आणि वचनाचा मुलगा इसहाक झाला तो 100 व्या वर्षी. वचनावर विश्वास होता, पण वाट पाहणे असह्य झाले. उपास वाढव, नवस कर, सगळे एकाच महिन्यात बदल, अशा धडपडीतून असेच काहीतरी जन्मते आणि मग ते घरात सांभाळत बसावे लागते.

दुसऱ्याच्या वाढीबाबत हिशेब आणखी वेगळा. पौल व बर्णबा यांचा मदतनीस योहान मार्क सुवार्तेच्या प्रवासात पंफुल्यातून अर्ध्यावरच परत गेला. पुढे त्याला सोबत घ्यायला पौलाने नकार दिला, बर्णबाने घेतले (प्रेषितांची कृत्ये 13:13, 15:37-39). शेवटी पौलच लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे (2 तीमथ्य 4:11). दुसऱ्याला वेळ देणे ते असे. पण मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘देव तुझ्या नवऱ्याला हळूहळू बदलतोय, धीर धर’ असे सांगणे हे यात बसत नाही. तिथे मंडळीने त्याला देवावर सोपवलेले नसते, तिला सोडून दिलेले असते. आधी तिला सुरक्षित जागी हलवावे, कायद्याची मदत घ्यावी. त्याचा पश्चात्ताप खरा की खोटा ते ती दूर असतानाही दिसेल. व्यसनाचेही तसेच: उपचार आणि प्रार्थना एकाच दिवशी सुरू कराव्यात.