पार्श्वभूमी : सायकलच्या तारांची लांबी आणि रिमच्या मापाचा घोळ

सांगली-मिरजेत पंचवीसेक वर्षांपूर्वीपर्यंत चाक बांधून घेताना तारेची लांबी कुणी विचारत नसे. 'अठ्ठावीसच्या' की 'सव्वीसच्या' एवढं सांगितलं की दुकानदार पुडा काढून देई. काळ्या रोडस्टर सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा, मिळून ७२. म्हणजे एका ग्रोसात (१४४ नगांत) दोन सायकली. रिम ठरलेली, हब म्हणजे चाकाचा मधला तुंबा ठरलेला. लांबीचा हिशेब कारखान्यात एकदा होऊन गेला होता, तो इथे पुन्हा करायची गरजच पडत नव्हती. उसाच्या वाड्याचा भारा किंवा दुधाच्या किटल्या लादलेल्या सायकलीची तार तुटली, की मिस्त्री शेजारची तार काढून तिच्याशी नवी ताडून बघत. काम भागत होतं.

गिअरच्या सायकली आल्या आणि ही सोय संपली. टायर बसतो तिथे ६२२ मिलिमीटरच्या एकाच मापाची रिम, पण एक उथळ, दुसरी खोल, हब कुठलाही. शिवाय मागे गिअरच्या सात-आठ दातेरी चकल्या बसवायच्या म्हणून हबची उजवी बाजू आत सरकली. त्यामुळे एकाच चाकात डाव्या आणि उजव्या तारांची लांबी वेगळी झाली. आता पुडा मागायचा तर मिलिमीटरमध्ये मागावा लागतो.

हिशेब स्वतः अवघड नाही. हबच्या कडेच्या, तारा अडकवायच्या चकतीवरच्या भोकांच्या वर्तुळाची त्रिज्या, हबच्या मध्यापासून त्या चकतीचं अंतर, रिमची त्रिज्या आणि तार किती तिरकी जाते तो कोन, एवढी चार मापं लागतात. ३२ तारांच्या चाकात प्रत्येक तार तीन तारांना ओलांडत असेल तर कोन ६७.५ अंशांचा. रिमचा व्यास ६००, भोकांच्या वर्तुळाचा व्यास ४५ आणि चकती मध्यापासून ३५ मिलिमीटरवर धरली, तर कोसाइनच्या नियमाने २९४.२ येतात. त्यातून चकतीतल्या भोकाच्या व्यासाचा निम्मा भाग, साधारण १.३, वजा केला की २९३. चकती ३५ ऐवजी २० वर असेल तर तीच लांबी २९१.५ होते. ३६ तारांचं चाक घेतलं तर कोन ६० अंशांवर येतो आणि ३५ च्या चकतीला २९० पुरतात.

ही तिरकी बांधणी १८७४ ची, कॉव्हेंट्रीतल्या एका कारागिराची. हा मूळचा शिवणयंत्रांच्या धंद्यातला माणूस. त्याआधी १८६९ मध्ये पॅरिसमध्ये तारांच्या चाकाचं पेटंट निघालं होतं, पण तारा हबमधून सरळ बाहेर जात. सरळ तारेची लांबी नुसत्या वजाबाकीने निघते; तार तिरकी झाली तेव्हा कोन हिशेबात शिरला. आपल्या बोलीत हा सगळा फरक आधीपासून आहे, याची मला नेहमी गंमत वाटते. बैलगाडीच्या चाकाला आरे असतात, सायकलीच्या चाकाला तारा. आरा भार पेलत उभा राहतो आणि सुतार तो तासून तुंब्यात बसवतो. तार ताणावर चालते. जास्त झाली तर तासून भागत नाही आणि कमी पडली तर काहीच करता येत नाही.

खरा घोळ वरच्या उदाहरणातल्या त्या ६०० मध्ये आहे. तारेची लांबी काढून देणारे कॅल्क्युलेटर ज्याला ईआरडी (इफेक्टिव्ह रिम डायमीटर) म्हणतात तो हा व्यास, आणि तो नेमका कुठून कुठपर्यंत मोजायचा यावर आजही एकमत नाही. काही कारखाने निप्पलचं, म्हणजे तार रिमला धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या नळीचं, डोकं रिममध्ये जिथे टेकतं तिथला व्यास छापतात. काही निप्पलच्या डोक्यावरच्या खाचेच्या तळापर्यंत मोजतात, कारण तारेचं टोक तिथवर यायला हवं. काही जण अगदी डोक्याच्या माथ्यापर्यंत जातात. पहिल्या दोन मापांत एका बाजूला दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडतो, व्यासावर तीन-चारचा. नाव मात्र तिन्ही ठिकाणी एकच.

माझ्या मते दुसरी व्याख्याच बरोबर आहे, कारण लांबी तारेची काढायची आहे. रिमवरच्या चिठ्ठीवर विसंबून मी एक चाक बांधलं होतं. चिठ्ठीवर ६०२ होतं, नंतर मोजलं तेव्हा ५९८ भरलं. तारा दोन मिलिमीटर लांब झालेल्या. निप्पल आट्यांच्या शेवटाला जाऊन अडत होते आणि पुढे पिळलं की तारच फिरत होती. टोकं खाचेच्या वर आली होती, ती कानशीने घासावी लागली. अशा चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, कितीही काढला तरी ताण सारखा होत नाही.

आमच्या पेठेतल्या दुकानात रिम स्वतः मोजायची सवय लागली ती ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर. आठवडाभर पाण्यात राहिलेल्या सायकलींचे निप्पल गंजून जाम झाले होते. पान्हा फिरेना, म्हणून तारा पकडीने तोडाव्या लागल्या आणि ताडून बघायला अख्खी तार उरली नाही. तेव्हापासूनची पद्धत अशी. दोन जुन्या तारांची वाकडी टोकं कापून प्रत्येक तार नेमकी २६० मिलिमीटरची करायची. तारेचं टोक खाचेच्या तळाशी येईल इतकाच निप्पल चढवायचा. ३२ भोकांच्या रिममध्ये एक तार पहिल्या भोकात, दुसरी सतराव्या भोकात घालून दोन्ही समोरासमोर ताणायच्या आणि मधली फट स्टीलच्या पट्टीने मोजायची. फट ७८ आली तर व्यास ५९८. मग काटकोनातल्या भोकांत, म्हणजे नवव्या आणि पंचविसाव्यात, तेच पुन्हा करायचं, कारण कुठलीच रिम पूर्ण गोल नसते. दोन्हींची सरासरी खडूने रिमच्या आत लिहून ठेवतात. गिऱ्हाईक नवा हब घेऊन आलं की छापील चिठ्ठीऐवजी तोच आकडा कॅल्क्युलेटरमध्ये जातो.