बालशिस्त (महाराष्ट्रातील)

मुलांना वळण लावण्यासाठी घरातील वडीलधारी माणसे, शिक्षक आणि प्रसंगी शेजारीपाजारी जो धाक, शिक्षा, कौतुक आणि सवयी यांचा उपयोग करतात, त्याला एकत्रितपणे बालशिस्त म्हणता येईल. या नोंदीत मराठी भाषक प्रदेशात गेल्या सुमारे दोनशे वर्षांत तिच्यात घडलेल्या स्थित्यंतराचा विचार केला आहे. हे स्थित्यंतर छडीकडून संवादाकडे झालेला प्रवास म्हणून सांगितले जाते आणि ढोबळ मानाने ते खरेही आहे. तथापि मुलाला शिक्षा करण्याचा अधिकार एके काळी अनेकांच्या हाती विभागलेला होता आणि तो हळूहळू आईबापांपुरता उरला, हा बदल अधिक खोलवरचा दिसतो.

ताडनविषयक वचने : मुलांना मारण्याच्या समर्थनार्थ मराठी घरांत ‘लालयेत् पञ्च वर्षाणि दश वर्षाणि ताडयेत् । प्राप्ते तु षोडशे वर्षे पुत्रं मित्रवदाचरेत् ॥’ हा श्लोक हमखास सांगितला जात असे. पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे ताडन करावे म्हणजे मारावे आणि सोळावे वर्ष लागल्यावर मुलाशी मित्रासारखे वागावे, असा त्याचा अर्थ. हा श्लोक चाणक्याच्या नावावर मोडतो. परंतु चाणक्यनीती या नावाने प्रचलित असलेली सुभाषिते आणि कौटिलीय अर्थशास्त्र यांचा कर्ता एकच होता, असे मानण्यास पुरेसा आधार नाही. लुडविक स्टर्नबाख यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सुभाषितपरंपरेचा तपशीलवार अभ्यास करून तिच्या सहा वाचना (पाठपरंपरा) वेगळ्या केल्या. अशा संग्रहांत निरनिराळ्या काळची वचने मिसळत गेलेली असल्यामुळे एखाद्या सुट्या श्लोकाचा काळ ठरवणे धाडसाचे ठरते. प्रस्तुत श्लोकाचा ‘राजवत् पञ्च वर्षाणि दश वर्षाणि दासवत्’ असाही एक पाठ आढळतो, त्यात ताडनाचा स्पष्ट उल्लेख नाही. पाच वर्षे राजासारखे, पुढची दहा वर्षे दासासारखे वागवावे, एवढेच तो म्हणतो. दासाला मारण्याची मुभा स्मृतींनी दिलेलीच असल्याने दोन्ही पाठांचा आशय प्रत्यक्षात फारसा वेगळा होत नाही, असा आक्षेप यावर घेता येतो.

‘लाडाने दोष व ताडनाने गुण येतात’ ही कल्पना मात्र निश्चितपणे जुनी आहे. पतंजलीच्या महाभाष्यात (सामान्यतः इ. स. पू. दुसरे शतक) गुरू अमृतमय हातांनी मारतात, विषमय हातांनी नव्हे, अशा अर्थाचा श्लोक आला असून त्याच्या उत्तरार्धात नेमका हाच विचार आहे. आचारनियम सांगणाऱ्या धर्मसूत्रांची भूमिका याहून सावध आहे. गौतम धर्मसूत्राप्रमाणे शिष्याला न मारता शिस्त लावावी. ते शक्य नसल्यास बारीक दोरी किंवा वेळूची कांब वापरावी. अन्य साधनाने मारणाऱ्याला राजाने शासन करावे. आपस्तंब धर्मसूत्रात मारण्याचा उल्लेखच न करता भीती घालणे, उपास घडवणे, थंड पाण्याने स्नान करायला लावणे आणि दृष्टीसमोरून दूर करणे हे दंड, शिष्य सुधारेपर्यंत व अपराधाच्या प्रमाणात द्यावेत, असे सांगितले आहे. बागुलबुवाची भीती, ‘आज जेवण नाही’ आणि ‘माझ्या डोळ्यांसमोरून चालता हो’ ही मराठी घरांतील वाक्ये या यादीशी जुळतात. हे साम्य बहुधा परंपरेचे नसून मानवी स्वभावाचे असावे.

या दोन सूत्रांपैकी आधीचे कोणते, याविषयी मतभेद आहेत. पांडुरंग वामन काणे यांनी गौतम हे उपलब्ध धर्मसूत्रांतील सर्वांत जुने मानून त्याचा काळ इ. स. पू. ६०० ते ४०० असा अंदाजिला होता, तर पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी आपस्तंब अधिक जुने ठरवून दोन्ही ग्रंथ बरेच अलीकडे, इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या आसपास आणले आहेत. हा दुसरा क्रम स्वीकारल्यास न मारण्याचे दंड आधी व दोरी-वेळूची मुभा नंतर नोंदली गेली, असे म्हणावे लागते. भाषिक पुरावा या मताला अधिक अनुकूल असला, तरी एवढ्यावरून प्रत्यक्ष आचाराचा क्रम ठरवता येणार नाही. मनुस्मृतीत (८·२९९–३००) पत्नी, पुत्र, दास आणि सख्खा भाऊ यांच्या जोडीला प्रचलित पाठात ‘प्रेष्य’ म्हणजे नोकर, तर काही पाठांत ‘शिष्य’ आहे. अपराध घडल्यास यांना दोरीने किंवा वेळूच्या कांबीने केवळ पाठीवर मारावे, मस्तकावर कधीही मारू नये, आणि ही मर्यादा ओलांडणाऱ्यास चोराचे पाप लागते, असे तेथे म्हटले आहे. त्याच ग्रंथात (२·१५९) अनुशासन अहिंसेने व गोड वाणीने करावे, असेही वचन आहे. घरोघरी मात्र मुभा पाठ झाली आणि मर्यादा पोथीत राहिली.

पंतोजीची शाळा : इंग्रजी अमलापूर्वीच्या आणि त्याच्या आरंभीच्या काळातील गावठी शाळा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, देवळात किंवा पंतोजीच्या घरी भरत असे. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, मोडी लेखन, उजळणी आणि हिशेब एवढाच अभ्यासक्रम असे व पंतोजीचा चरितार्थ पालकांनी दिलेल्या धान्यावर, पैशांवर आणि सणासुदीच्या देणग्यांवर चाले. ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम’ ही म्हण याच शाळेच्या वातावरणातली मानली जाते. छडीखेरीज कान पिळणे, उठाबशा, अंगठे धरून उभे करणे आणि कोंबडा करणे या शिक्षा सर्रास होत्या. कोंबड्यात मुलाने उकिडवे बसून दोन्ही हात मांड्यांच्या आतून मागे न्यायचे आणि तसेच पुढे आणून स्वतःचे कान धरायचे असत. काही पंतोजी ओणव्या मुलाच्या पाठीवर पाटी किंवा दगड ठेवीत. तो पडला की छडी बसे. शाळा चुकवणाऱ्या मुलाला आणायला थोराड विद्यार्थी धाडले जात आणि ते त्याची अक्षरशः उचलबांगडी करून घेऊन येत.

या शिक्षांची माहिती प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील व त्यानंतरच्या आत्मचरित्रांतून मिळते. ती लिहिणारे बहुतेक सर्व जण पुढे सरकारी किंवा मिशनरी शाळांत शिकून स्थिरावलेले होते. जुन्या शाळेचा छळ ठळकपणे रंगवण्याकडे त्यांचा कल असणे स्वाभाविक आहे, आणि गावठी शाळा बंद करून नव्या शाळा काढू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या अहवालांनाही तेच चित्र सोयीचे होते. असे असले तरी सरकारी शाळांतून छडी गेली नाही, हे उघड आहे. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने अल्पवयीन गुन्हेगाराला शाळेतील शिस्तीच्या रीतीने, हलक्या वेताने मारण्याची तरतूद केली. म्हणजे शाळेतला मार हा सौम्य शिक्षेचे प्रमाण म्हणून कायद्याने गृहीत धरला होता. न्यायालयीन फटक्यांची शिक्षा १९५५ मध्ये रद्द झाली, तरी शाळेतील छडी त्यानंतरही अनेक दशके टिकली.

घरातील शिस्त : एकत्र कुटुंबात मुलाच्या वागण्यावर आजोबा, चुलते, आत्या, थोरले चुलत भाऊ आणि आळीतील कोणीही प्रौढ माणूस लक्ष ठेवी व प्रसंगी हातही उगारी. शाळेत मार खाल्ल्याचे घरी सांगितले, तर ‘तू काहीतरी केले असशील’ म्हणून आणखी दोन रट्टे मिळत. वडीलधाऱ्यांदेखत स्वतःच्या मुलाला कडेवर घेणे किंवा त्याचे लाड करणे हे बापाला कमीपणाचे वाटे, त्यामुळे बापाचा वाटा बहुधा दराऱ्याचा असे. पुष्कळ मुले आपल्या वडिलांना घरातील इतरांप्रमाणे अण्णा, दादा किंवा नाना म्हणत आणि त्यांच्याशी ‘अहो’ने बोलत. जवळची शिक्षा आईकडे असे: धपाटा, चिमटा, हाताशी असलेले लाटणे किंवा उलथणे, अडगळीच्या खोलीत कोंडणे आणि क्वचित चटका देणे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकात पोहायला जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते व नंतर जवळ घेऊन त्यामागचे कारण सांगते; मार आणि माया यांची ही सांगड त्या काळच्या वाचकांना मुळीच विसंगत वाटली नाही.

मारापेक्षा दिनक्रमाची शिस्त अधिक काळ टिकणारी होती. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसायचे, शुभंकरोती म्हणायची आणि मग परवचा करायचा, हा क्रम ब्राह्मण व इतर साक्षर घरांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्का होता. परवच्यात पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणवून घेतले जात; काही घरांत औटकीपर्यंत (साडेतीनपट) मजल जाई. आजोबा झोपाळ्यावर डोळे मिटून ऐकत असले, तरी चुकलेला आकडा त्यांना बरोबर कळे. १९५७ नंतर दशमान नाणेपद्धती व त्यापाठोपाठ मेट्रिक वजनमापे आली आणि पावकी-निमकीचा व्यवहारातील उपयोग संपला. त्याबरोबर या सायंकाळच्या शिस्तीचा एक आधारही ढासळला, असे दिसते.

वरील वर्णन मुख्यत्वे पुणे, कोकण आणि शहरांतील पांढरपेशा कुटुंबांतील मुलग्यांना लागू पडते. शेतकरी व कारागीर घरांत मूल सात-आठ वर्षांचे झाले की गुरे राखणे, भावंडे सांभाळणे किंवा हाताखाली काम करणे सुरू होई आणि शिस्त बरीचशी कामातूनच लागे. मुलींच्या वाट्याला छडीपेक्षा ‘सासरी नांदायचे आहे’ या शब्दांतील सततची टोचणी अधिक येई. १८९१ चा संमतिवयाचा आणि १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा यांच्या पूर्वी अनेक मुलींचे वळण सासूच्या हाताखालीच पुरे होत असे. दलित कुटुंबांतील बालपणाचे तपशीलवार लेखन प्रामुख्याने १९७० नंतरच्या आत्मकथनांतून पुढे आले.

बालशिक्षणाची चळवळ : शिक्षेविना शिक्षणाचा संघटित विचार मराठीत आला तो गुजरातमार्गे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी मुलांना साधनांच्या मदतीने स्वतः शिकू देणाऱ्या माँटेसरी पद्धतीचा प्रसार केला. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ मध्ये झाली. मारिया माँटेसरी स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या, म्हणजे त्यांची पद्धती त्यांच्या आधी येथे पोहोचली होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा चालवल्या. येथे शिक्षेचा प्रश्न निराळ्याच रीतीने सुटला, कारण ज्या मुलाकडे शाळेलाच चालत जावे लागते, त्याच्यावर छडी उगारली तर शाळा ओस पडते. अंगणवाडी हे नाव पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर रूढ झाले. पालकांना उद्देशून लिहिलेले मराठी साहित्य विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत विशेष वाढले व ‘पालकत्व’ हा शब्द त्यातूनच नित्य वापरात आला.

कायदा : भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) कलम ८९ नुसार बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने किंवा त्याच्या संमतीने सद्‌भावनेने केलेले कृत्य, काही अपवाद वगळता, अपराध ठरत नसे, शिक्षकांच्या बचावासाठी या कलमाचा आधार घेतला जाई. भारतीय न्याय संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) ही तरतूद कलम २७ मध्ये कायम आहे. दुसरीकडे, १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षा शिक्षणव्यवस्थेतून वगळण्याचे ठरवले, भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये तेथील शालेय नियमांतील छडीची तरतूद रद्द केली. गोव्याने २००३ च्या बालक कायद्याने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. महाराष्ट्रातील शाळांना अशी स्पष्ट वैधानिक मनाई १ एप्रिल २०१० पासून, शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ अन्वये, लागू झाली. त्यात मानसिक छळाचाही समावेश आहे. घरातील मारावर असे थेट बंधन नाही, मात्र मुलाच्या ताब्यातील व्यक्तीने केलेली क्रूरता २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७५ खाली अपराध ठरते.

सद्यःस्थिती : केंद्र शासनाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, महाराष्ट्र व गोव्यासह तेरा राज्यांत केलेल्या पाहणीत ६९ टक्के मुलांनी शारीरिक छळाचा, तर शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार बसल्याचा अनुभव सांगितला होता. ही आकडेवारी मुलांच्या स्वतःच्या निवेदनावर आधारलेली असून ती शिक्षणहक्क कायद्यापूर्वीची आहे. दरम्यान कुटुंबाचा आकार झपाट्याने घटला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील एकूण जननदर १९९२–९३ मध्ये २·९ होता, तो २०१९–२१ मध्ये १·७ वर आला. एक-दोन मुलांच्या घरात बापाला ‘ए बाबा’ म्हणून हाक मारली जाते, आणि परक्याने मुलाला हात लावणे तर दूरच, त्याला रागावणेही खपवून घेतले जात नाही. पूर्वी आजोबांनी, चुलत्यांनी व पंतोजींनी वाटून घेतलेले काम आता दोघांवर येऊन पडले असून त्यांपैकी पुष्कळदा दोघेही नोकरी करणारे असतात. उरलेला भार पाळणाघरे, शिकवणी वर्ग आणि समुपदेशक उचलतात. शिक्षेची जागा बऱ्याच अंशी मोबाइल काढून घेणे, खेळायला न सोडणे आणि अबोला यांनी घेतली आहे. यांपैकी अबोला मुलाला मारापेक्षा कमी क्लेशदायक असतो, असे म्हणता येत नाही. अडचणीतील मुलांसाठी १०९८ या क्रमांकाची दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली व नंतर देशभर विस्तारली.