बीएड म्हणजे नुसते चार्ट नि पाठ? नाही हो

आमच्या गोव्यातल्या डिचोलीत चतुर्थीला चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "बीएड काय, वर्षभर थर्माकोल कापायचा नि पाठ द्यायचे." अहो काका, ते एक वर्षाचं बीएड केव्हाच गेलं! एनसीटीईच्या (शिक्षक घडवणाऱ्या कोर्सेसचे नियम ठरवणारी राष्ट्रीय परिषद) २०१४ च्या नियमांनी कोर्स दोन वर्षांचा झाला आणि शाळेतली इंटर्नशिप किमान २० आठवडे, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी, म्हणजे जवळजवळ चार महिने खऱ्या वर्गात, खऱ्या पोरांसमोर. बाकी अभ्यासात मुलांची वाढ, मूल्यमापन, सर्वसमावेशक शाळा, आणि मला सगळ्यात आवडलेला 'अभ्यासक्रमभर भाषा' हा पेपर, कारण घरात कोकणी, शाळेत मराठी आणि पाचवीपासून एकदम इंग्लिश अशा मुलाला गणित येत नाही की गणिताची भाषा कळत नाही, हे ओळखायला तोच शिकवतो (आपल्याकडे अशी पोरं किती!). चार्ट आहेत, नाही असं नाही.

दुसरा गैरसमज, बीएड केलं की प्राथमिकलाही चालतं. नाही, ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही, डीएलएडसारखा (प्राथमिक शिक्षकांची पदविका) प्राथमिकचाच कोर्स लागतो. बारावीनंतर थेट जायचं तर पदवी आणि बीएड एकत्र असलेला चार वर्षांचा कोर्स बघा, एक वर्ष वाचतं.