टी४ फाज: जनुके बिघडवून उलगडलेली विषाणूची वाढ

विषाणूचे कोणते जनुक त्याच्या वाढीत काय काम करते, याचा बराचसा अंदाज आज जनुकसंच वाचून बांधता येतो. १९६०च्या सुमाराला एकाही विषाणूचा जनुकसंच वाचून झालेला नव्हता. तरीही ई. कोलाय जिवाणूत वाढणाऱ्या टी४ फाजच्या (फाज म्हणजे जिवाणूंना लागण करणारा विषाणू) जनुकांची कामे तेव्हाच एकेक करून कळू लागली. विषाणूशास्त्राच्या इतिहासातले मला सर्वांत आवडणारे पर्व हेच.

पाया आधीच घातला गेला होता. फाज जिवाणूच्या आत वाढतो आणि ठरावीक वेळाने पेशी फोडून एकदम बाहेर पडतो, हे एलिस आणि डेलब्रुक यांनी १९३९ साली मोजून दाखवले. १९५२ मध्ये हर्शी आणि चेज यांच्या प्रयोगातून दिसले, की पेशीत शिरतो तो मुख्यतः डीएनए. प्रथिनाचे कवच बाहेरच राहते. म्हणजे नवे फाज घडवण्याच्या सगळ्या सूचना त्या डीएनएतच असणार.

पण त्या सूचना सुट्या कशा करायच्या? अत्यावश्यक जनुक बिघडले की फाज वाढतच नाही, आणि वाढला नाही तर अभ्यासाला हातात काहीच उरत नाही. कॅलटेक या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेतले एडगर, एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली: फक्त विशिष्ट परिस्थितीतच नडणारे बिघाड शोधायचे. काही उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) फाज २५ अंश सेल्सिअसला वाढत, ४२ अंशांना नाही. ‘अँबर’ प्रकारातले फाज ई. कोलायच्या एका वाणात वाढत, दुसऱ्यात नाही. तपासणी साधी होती. बशीतल्या जिवाणूंच्या धुरकट थरावर स्वच्छ गोल डाग पडला, तर फाज वाढला. सोयीच्या परिस्थितीत साठा वाढवायचा, मग गैरसोयीच्या परिस्थितीत नेमके कुठे अडते ते पाहायचे.

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातून चित्र स्पष्ट झाले. काही जनुके बिघडली की डीएनएच तयार होत नव्हता. ४३ क्रमांकाचे जनुक त्यातले, डीएनए जोडणाऱ्या डीएनए पॉलिमरेज या प्रथिनाचे. इतर काही बिघडली तर डीएनए भरपूर तयार होई, पण डोके, शेपटी आणि शेपटीचे तंतू असलेला फाज पुरा होत नसे. २३ क्रमांकाचे जनुक बिघडलेल्या पेशी फोडून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर नुसत्या शेपट्या, डोके एकही नाही. शेपटीचे जनुक बिघडले तर उलट: डोकी तयार, शेपट्या गायब.

१९६६ मध्ये एडगर आणि वुड यांनी पुढचे पाऊल टाकले. बिघडलेल्या फाजची लागण झालेल्या पेशी फोडून त्यांनी दोन अर्क काढले. एका अर्कात शेपटीचे तंतू नसलेले फाज, दुसऱ्यात तंतू आहेत पण डोकी नाहीत. दोन्ही अर्क परीक्षानळीत मिसळले, आणि जिवाणूला लागण करू शकणारे फाज जिवंत पेशीबाहेरच जुळून आले! डोके, शेपटी आणि तंतू वेगवेगळ्या वाटांनी घडतात आणि शेवटी एकत्र येतात, हे यातून पुढे आले.

टी४चा जनुकसंच पुढे पूर्ण वाचला गेला: सुमारे १,६९,००० बेसजोड्या (डीएनएच्या ‘अक्षरां’च्या जोड्या), तीनशेच्या आसपास जनुके. प्रयोगशाळेतल्या भरपूर पोसलेल्या ई. कोलायमध्ये वाढायला त्यातली साठेक जनुके पुरतात. उरलेल्यांपैकी कित्येकांचे काम अजून ठरलेले नाही.