‘समदे आपल्याकडंच बघायलेत’: खरंच?

जरा वेगळं वागलं की अख्ख्या गावाची नजर आपल्यावर, हे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या ठाम मानलं जातं. तसं नसतं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं, निष्कर्ष २००० साली छापून आले. काही विद्यार्थ्यांना एका गायकाचा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या जवळपास निम्म्यांनी तो गायक ओळखला असेल, असा टी-शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज. प्रत्यक्षात ओळखला जेमतेम चौघांतल्या एकानं. आपला टी-शर्ट आपल्याच डोक्यात बसलेला असतो. समोरचा स्वतःच्या विचारात.

माझ्या मावशीनं पन्नाशीत लातुरात स्कूटी शिकायला घेतली. गंजगोलाईत, म्हणजे सोळा रस्ते मिळतात त्या बाजारचौकात, गाडी बंद पडली. तिला वाटलं, सोळाही रस्त्यांवरची माणसं हसायलीत. भाजीवाला एवढंच म्हणाला, “मावशी, गाडी जरा बाजूला घ्या, गिऱ्हाईक खोळंबलंय.”

बोलणारे नसतातच असं नाही. भावकी बोलते, आणि ते झोंबतंही. मावशीबद्दल आठ-दहा दिवस बोलली, मग सोयाबीनच्या भावाकडं वळली. मावशी अजून स्कूटीवरच बाजाराला जाते.