रेरात किंवा ग्राहक आयोगात इंजिनिअरचा रिपोर्ट लावताय? आधी एवढं बघून घ्या

फ्लॅटमध्ये गळती आहे, भिंतींना तडे गेलेत, टाइल्स पोकळ वाजतायत आणि बिल्डर म्हणतो तुम्हीच काहीतरी तोडफोड केली असेल. मग लोक ओळखीच्या इंजिनिअरकडून रिपोर्ट घेतात, तक्रारीला जोडतात आणि समजतात झालं काम. सुनावणीत समोरचा वकील दोन-तीन प्रश्न विचारतो आणि रिपोर्टातली हवाच जाते. दोष खरा असतो हो, कागद कच्चा असतो, आणि हे इतक्या घरांच्या बाबतीत बघितलंय की आता सविस्तर लिहितेच.

आधी कोण तक्रार करू शकतं ते पटकन. रेरा कायद्यात (घरबांधणी प्रकल्पांच्या नियमनाचा कायदा, महारेरा हे त्याचं महाराष्ट्रातलं प्राधिकरण) ज्याच्या नावावर फ्लॅट आहे तो, रिसेलमध्ये घेतलेला असला तरी चालतो, भाडेकरू मात्र नाही. टेरेस, बाहेरच्या भिंती, लिफ्ट, पाण्याची टाकी असल्या कॉमन गोष्टींसाठी सोसायटीने तक्रार करावी आणि सोबत ठराव जोडावा, सेक्रेटरींनी एकट्याने सही करून पाठवलेली तक्रार तिथेच अडकते. प्रोजेक्ट महारेरात रजिस्टर असायला हवा. १ मे २०१७ च्या आधीच ओसी (ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, राहायला परवानगी देणारा दाखला) मिळालेल्या बिल्डिंगला साधारणपणे तिथे दाद मिळत नाही, त्यांनी ग्राहक आयोगाचा विचार करावा. तिथे तुम्ही बिल्डरला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. फ्लॅटची आजची बाजारभावाची किंमत बघायची नाही, तुम्ही भरलेले पैसे बघायचे.

आता मुदत, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रेराच्या कलम १४(३) मधली ५ वर्षं ही पझेशनच्या तारखेपासून दोष बिल्डरच्या नजरेला आणून देण्यासाठी आहेत. म्हणजे या ५ वर्षांत लेखी कळवलं पाहिजे, मग बिल्डरने ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं, नाही केलं तर तुम्हाला भरपाई मागता येते. लोक काय करतात, साइट सुपरवायझरला फोन करतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकतात, तो "हो साहेब, माणूस पाठवतो" म्हणतो, यात ४ वर्षं जातात आणि लेखी कळवल्याचा एक कागद नसतो. रिपोर्ट नंतर आला तरी चालेल, पण ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट आजच पाठवा, दोष खोलीनुसार लिहून. ग्राहक आयोगाची मुदत वेगळी आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं, ही आणि ती एकमेकांत मिसळू नका.

आणि ५ वर्षं मोजायची कुठून? पझेशन लेटरवरून. ते लेटर निम्म्या लोकांकडे नसतं, चावी घेताना सही करून दिलेलं असतं, कॉपी बिल्डरकडेच. लेखी मागून घ्या, नाही दिलं तर पझेशनसाठी बोलावल्याचा ईमेल, मेंटेनन्सची पहिली पावती, सोसायटीचं पहिलं बिल, जे मिळेल ते लावा.

यानंतरचा अडथळा तुमच्याच ॲग्रीमेंटमध्ये लपलेला असतो. मुंबईतल्या बऱ्याच ॲग्रीमेंटमध्ये दोषांच्या कलमाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की दोषाचा दावा करण्याआधी तज्ज्ञ सर्व्हेअर नेमून त्याचा रिपोर्ट घ्यावा लागेल. त्याच्याच आसपास हेही असतं की २० अंशांहून जास्त तापमान बदलामुळे भिंतींवर आलेले केसासारखे तडे दोष धरले जाणार नाहीत, आणि लेखी परवानगीशिवाय बदल केले तर जबाबदारी संपली. ही पानं इंजिनिअरला रिपोर्टाच्या आधी वाचायला द्या. त्याला माहीतच नसेल तर तो नुसतं "भिंतींना तडे आढळले" लिहून मोकळा होतो आणि बिल्डर केसाच्या तड्यांचं कलम काढून दाखवतो. तडा किती मिलिमीटर रुंद आहे, नुसत्या प्लास्टरमध्ये आहे की आरसीसीपर्यंत (सळ्या घातलेल्या काँक्रिटपर्यंत) गेलाय, बीमवर तिरका आहे का, हे लिहिलेलं असेल तर त्या कलमाचा आधार बिल्डरला उरत नाही. बाथरूमच्या टाइल्स बदलल्या असतील तर सोसायटीची परवानगी आणि कॉन्ट्रॅक्टरचं बिल शोधून ठेवा, तो प्रश्न येणारच.

तज्ज्ञ कोण? स्ट्रक्चरचा प्रश्न असेल तर लायसन्स असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर, कार्पेट एरियाचा असेल तर आर्किटेक्ट किंवा सर्व्हेअर. वॉटरप्रूफिंगवाल्याचं कोटेशन म्हणजे एक्स्पर्ट रिपोर्ट नव्हे, कृपया ते तसं लावू नका, दुरुस्तीचं काम ज्याला मिळणार त्याचं मत स्वतंत्र कसं मानतील? मेहुणा, कमिटी मेंबर, बिल्डरशी आधी भांडण झालेला इंजिनिअर, हे सगळे टाळा. फी ठरावीक असू द्या आणि बँकेतून द्या, "केस जिंकली तर इतके टक्के" असलं काही ठरवलं की त्याचं मत विकत घेतल्यासारखं दिसतं. आणि आधीच विचारून घ्या की ॲफिडेव्हिट करून द्याल का, प्रश्न आले तर उत्तरं द्याल का. बरेच जण रिपोर्ट देतात आणि नंतर फोन उचलत नाहीत.

रिपोर्टात नुसतं मत असून भागत नाही, ते मत कशावरून बनलं ते लागतं. भारतीय साक्ष अधिनियमात तज्ज्ञाच्या मतासाठी कलम ३९ आहे आणि त्या मताच्या कारणांसाठी कलम ४५, आणि सुप्रीम कोर्टानेही २००९ च्या एका निकालात सांगितलंय की तज्ज्ञाचं मत सल्ल्यासारखं असतं, त्याने आपली कारणं आणि सगळं साहित्य कोर्टापुढे ठेवायला हवं. रेरा आणि ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांना कोर्टाइतके चिकटत नाहीत, पण कसोटी हीच लागते. "सदर सदनिकेत निकृष्ट दर्जाचे काम आढळले" हे वाक्य काही कामाचं नाही. याउलट "मास्टर बेडरूम, पश्चिमेची भिंत, खिडकीखालचा डावा कोपरा, जमिनीपासून ३ फुटांवर ओल, बाहेरून सिलखालचं प्लास्टर फुगलेलं, फोटो १४ ते १७" असं लिहिलं की कोणालाही जाऊन बघता येतं. पुढे कारण काय, दुसरं काय कारण असू शकलं असतं आणि ते का नाही, दुरुस्ती कशी आणि खर्च किती. बिल्डरने फसवणूक केली वगैरे इंजिनिअरने लिहू नये, तो त्याचा विषय नाही आणि त्याने पूर्ण रिपोर्ट एकतर्फी वाटतो. कोणी नेमलं, काय विचारलं, कधी पाहणी केली, कोण हजर होतं, हे पहिल्या पानावर.

पाहणीची नोटीस बिल्डरला द्या, निदान ७-८ दिवस आधी, तारीख वेळ लिहून. तो येत नाही बहुतेकदा, पण "आमच्या पाठीमागे केलं" म्हणायची सोय राहत नाही. आला तर उत्तमच, दोघांच्या इंजिनिअरना कोणते मुद्दे मान्य आहेत ते तिथेच कागदावर उतरवून सह्या घ्या. आणि पाहणी होईपर्यंत रंग, पुट्टी काही करू नका, पाहुणे येणारेत म्हणून भिंत रंगवली आणि पुरावा गेला असं फार होतं.

गळतीची पाहणी पावसात करा. एप्रिलमध्ये कोरड्या भिंतीवर इंजिनिअर प्रामाणिकपणे "सध्या गळती दिसत नाही" लिहितो आणि तेच वाक्य बिल्डर वाचून दाखवतो. पावसाळा हुकला असेल तर टेरेसवर पाणी साठवून २४ तास ठेवायची टेस्ट करून घ्या, आधीचे आणि नंतरचे ओलाव्याचे आकडे नोंदवून. काँक्रिटच्या ताकदीचा वाद असेल तर नुसत्या रिबाउंड हॅमरवर (काँक्रिटवर आपटून मोजणारं उपकरण) विसंबू नका, तो पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो, त्यातून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. कोअर, म्हणजे काँक्रिटमधून ड्रिलने कापलेले गोल नमुने, काढावे लागतात. आयएस ४५६ या काँक्रिटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान ३ कोअर, सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको, म्हणजे एम३० काँक्रिटला (ठरलेली ताकद ३० न्यूटन प्रति चौरस मिमी) सरासरी २५.५ आणि कुठलाही एक २२.५ च्या खाली नाही. पण तुमच्या बिल्डिंगला एम३० ठरलं होतं हे सांगणारं आरसीसी ड्रॉइंग कुणाकडेच नसतं! रेराच्या कलम १७(२) प्रमाणे कम्प्लिशन सर्टिफिकेटनंतर (काम पूर्ण झाल्याचा दाखला) ३० दिवसांत बिल्डरने प्लॅन आणि कागदपत्रं सोसायटीला द्यायची असतात, ती लेखी मागा, आणि पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात माहिती अधिकाराचा अर्जही लगेच टाका, कारण तिथली फाइल सापडायला वेळ लागतो आणि कोणाला घाई नसते. टेस्ट एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबमधूनच.

मोबाइलचे फोटो, व्हिडिओ लावताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं सर्टिफिकेट जोडा. त्याचे दोन भाग आहेत, पहिला तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) द्यावी लागते. मूळ फाइल फोनमधून डिलीट करू नका, व्हॉट्सॲपवरून फिरलेली कॉपी मूळ नसते.

अर्ज ऑनलाइनच आहे, ते अवघड नाही. फक्त दुरुस्तीचा आदेश हवा असेल तर महारेराकडे फॉर्म ए, भरपाई हवी असेल तर ॲडज्युडिकेटिंग ऑफिसरकडे (भरपाई ठरवणारा अधिकारी) फॉर्म बी, २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर हे दोन एकात मागून चालत नाही. ८० पानी रिपोर्ट सुनावणीत कोणी वाचत नाही, वेळच नसतो, म्हणून वर एक पान लावा, दोष, ॲग्रीमेंटमधलं कलम, रिपोर्टाचं पान, खर्च, बस.

समोरचाही आपल्या इंजिनिअरचा रिपोर्ट आणणारच. दोन रिपोर्ट उलटसुलट असतील तर तटस्थ तज्ज्ञ, म्हणजे कोर्ट कमिशनर नेमा असा वेगळा अर्ज द्या, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव सुचवलेलं बरं, माटुंग्याचं व्हीजेटीआय आहे. खर्च आधी बहुधा तुम्हालाच भरावा लागतो. हा अर्ज सुरुवातीलाच द्या, युक्तिवाद संपत आल्यावर दिला की वेळकाढूपणा म्हणून फेटाळला जातो.

निकाल मनासारखा नाही आला तर महारेराच्या आदेशाविरुद्ध अपिलेट ट्रायब्युनलकडे ६० दिवस, जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशाविरुद्ध राज्य आयोगाकडे ४५ दिवस. तोपर्यंत उरलेले कोअर आणि लॅबचे मूळ रीडिंग जपून ठेवायला लॅबला लेखी सांगून ठेवा, नाहीतर ते नमुने टाकून देतात आणि अपिलात दाखवायला काही राहत नाही.